पश्चिम, जराशी उत्तरेकडे

आमच्या शाळेत भूगोलाचे एक सर होते. त्यांच्यासमोर "मुसलमानांमध्ये असं असतं" हे वाक्य बोलायची सोय नव्हती. वाक्य पुरं व्हायच्या आत ते डब्याचं झाकण लावत आणि विचारत, "कुठल्या मुसलमानांमध्ये? आधी गाव सांगा."

गाव सांगता आलं नाही की विषय संपला. स्टाफरूममध्ये नवीन आलेल्या प्रत्येक शिक्षकाला हा प्रसाद एकदा मिळायचाच. बिचारा काही वाईट हेतूनं बोललेला नसायचा; ईद कधी, रोजा कसा, असलंच काहीतरी विचारत असायचा. पण सर त्याला नकाशासमोर उभं केल्याशिवाय सोडत नसत. मी मराठी शिकवायचे. माझ्या तासाचा फळा पुसायचा राहिला तरी चालेल, पण भूगोलाच्या नकाशाला सुरकुती पडलेली त्यांना खपायची नाही.

शाळा अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सर बदलापूरचे आणि मी त्याच्या पलीकडची, चामटोलीची. घरी जाताना बदलापूरपर्यंत वाट एकच, त्यामुळे शाळेत अर्धवट राहिलेला भूगोल रिक्षात पुरा व्हायचा. मी कितीदा म्हटलं, "सर, मला परीक्षा द्यायची नाहीये." ते म्हणायचे, "म्हणून तर तुम्हाला सांगतोय बाई. परीक्षेवाले फक्त पाठ करतात."

एकदा सर आमच्या घरी पूजेला आले होते. माझे वडील ओटीवर बसलेले. जन्मभर शेती केलेला माणूस, सूनमुख पाहिल्यावरही पहिला प्रश्न तोच. त्यांनी सरांना विचारलं, "मास्तर, गाव कंचा तुमचा?" सर एवढे खूश झाले की त्यांनी वडिलांचा हातच धरला. मला म्हणाले, "बघा, पहिला माणूस भेटला, ज्यानं धर्माच्या आधी गाव विचारलं." वडील शांतपणे म्हणाले, "धरम कशाला इचारायचा? तो टोपीवर दिसतोय." त्यानंतर कितीतरी दिवस सर ही गोष्ट ज्याला त्याला सांगत होते, आणि दरवेळी स्वतःच्याच टोपीला हात लावून हसत होते.

त्यांचं म्हणणं साधं होतं. काही गोष्टींवर कुठल्याही गावात भांडण नाही. अल्ला एक, महंमद त्याचे पैगंबर, दिवसाच्या पाच नमाजा, रमजानचे रोजे, गरिबाचा वाटा म्हणून जकात, आणि ऐपत असेल तर आयुष्यात एकदा हज. "हे झालं घराचं जोतं," सर म्हणायचे. "आता यावर प्रत्येक गावानं आपापल्या मातीच्या भिंती बांधल्या." मग ते स्टाफरूममध्ये उभे राहून नमाजेत हात कुठं बांधतात ते दाखवत. हे उत्तरेकडचे, बेंबीच्या खाली. हे आम्ही कोकणी, बेंबीच्या वर. हे शिया, हात मोकळे सोडून. कुणी म्हणालं, "म्हणजे हात सोडले की शिया," की सर लगेच आफ्रिकेवर बोट ठेवत. "इथं सुन्नीसुद्धा सोडतात. गाव सांगा, गाव!" शिया आणि सुन्नी वेगळे झाले ते पैगंबरांच्या मागे पुढारपण कुणाकडे यावरून, पण अंबरनाथचा हार्डवेअरवाला बोहरी, तोही शियाच, आणि लखनौचा शिया यांनाही एका पिशवीत घालायचं नाही, अशी त्यांची ताकीद होती. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी कापडवाल्याकडे आम्ही शाळेच्या गणवेशाचं कापड घ्यायला जायचो. त्याच्या गल्ल्यामागे त्याच्या देवांशेजारी एका पिराच्या दर्ग्याचा फोटो लावलेला, रोज त्यालाही अगरबत्ती. सर त्या फोटोकडे बोट दाखवून मला म्हणाले, "आता हा गृहस्थ हिंदू. पण याच्या आजोबांचं गाव सिंधमध्ये, तिकडं हिंदूही पीर मानतात. झालं की नाही उत्तर?"

सर स्वतः कोकणी मुसलमान, शाफई. सुन्नींच्या शिकवणीच्या ज्या चार परंपरा आहेत त्यांतली ही एक. उत्तर हिंदुस्थानातले बहुतेक हनफी. हे सांगताना त्यांना भलता जोर चढायचा. "गलबतांतून अरबी समुद्र ओलांडून जे आले ते शाफई शिकवण घेऊन आले. म्हणून कोकण शाफई, केरळचा किनारा शाफई, पार इंडोनेशियापर्यंत. आणि घोड्यांवरून डोंगर ओलांडून जे आले ते हनफी. आता सांगा बाई, हा धर्म झाला का भूगोल?" मी म्हणायचे, "सर, रिक्षावाला पैसे मागतोय."

या दोन परंपरांमधला सगळ्यात मोठा फरक मला त्यांच्या डब्यात कळला. चिंबोऱ्या. कोकणी मुसलमानाला समुद्रातलं सगळं चालतं. हनफींना मासा चालतो, चिंबोरी नाही. सरांच्या बायको, आम्ही त्यांना भाभी म्हणायचो, चिंबोऱ्यांचं असं कालवण करायच्या की माझ्यासारखी आगरी घरची बाईसुद्धा गप्प बसून खायची. त्यांच्या मशिदीतले मौलाना बिहारचे, हनफी. वयानं सरांच्या मुलाच्या बरोबरीचे. ते जेवायला यायचे तेव्हा भाभी त्यांच्यासाठी वेगळा पापलेट तळायच्या. मौलाना सरांच्या ताटाकडे बघून म्हणायचे, "मास्टरसाब, ये कैसे खा लेते हैं आप?" आणि सर नांगी फोडत म्हणायचे, "समंदर के रास्ते आए हैं मौलाना, समंदर का नमक खाया है." दोघंही हसायचे. वर्षानुवर्षं तोच विनोद, तेच हसू. मशिदीत मात्र सर निमूट त्यांच्या मागे उभे राहायचे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून खुर्चीवर बसून, पण मागेच. ते म्हणायचे, "ज्याच्या मागं उभं राहायचं ठरवलं, त्याला मध्येच शिकवायचं नसतं."

सहावीला दिशांचा धडा असायचा. सर तो वर्गात कधी शिकवतच नसत. पोरांना मैदानात न्यायचे. मैदानाच्या मध्ये एक बदामाचं झाड. प्रत्येक पोराला एक देश वाटून द्यायचे आणि झाडापासून ज्याच्या त्याच्या जागी उभं करायचे. "हे झाड मक्का. सगळ्यांनी झाडाकडे तोंड करा. मोरोक्को, तुझं तोंड कुठं?" "पूर्वेला, सर." "तुर्कस्तान?" "दक्षिणेला." "येमेन?" "उत्तरेला, सर." "भारत?" "पश्चिमेला!" मग ते विचारायचे, "तर मुसलमान कुठल्या दिशेला तोंड करून नमाज पढतात?" अर्धी पोरं सवयीनं ओरडायची, "पश्चिमेला!" आणि सर इतका वेळ दाबून ठेवलेलं वाक्य सोडायचे, "ते फक्त आपल्या इथून. आणि तेही नीट सांगायचं तर, पश्चिम, जराशी उत्तरेकडे."

एका पालकानं यावर तक्रार केली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना बोलावलं. सर म्हणाले, "मॅडम, ज्याला आठ दिशा समजल्या नाहीत असं एक पोर दाखवा, मी धडा बंद करतो." बाईंनी स्वतः चार पोरांना विचारून बघितलं आणि धडा चालू राहिला.

सरांचा एकुलता एक मुलगा आमच्याच शाळेतून शिकला. मी त्याला मराठी शिकवलं. अक्षर गचाळ, हसणं मोकळं. पुढे तो व्यापारी जहाजावर लागला. कोकणी मुसलमानांच्या घरात दर पिढीला एकजण समुद्रावर जातोच, असं सर अभिमानानं सांगायचे, पण मुलगा पहिल्यांदा निघाला त्या आठवड्यात त्यांनी एकही तास धड घेतला नव्हता.

जहाजावरून मुलगा बापाला निरोप पाठवायचा तो एका शब्दाचा. आज नमाजेला कुठं तोंड केलं, ती दिशा. "वायव्य." "आग्नेय." बस, एवढंच. बाकी ख्यालीखुशाली आईला. सर सकाळी वर्गात शिरले की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ती दिशा लिहायचे आणि पोरांना म्हणायचे, "आपला खलाशी आज असा उभा आहे. शोधा, कुठं आहे." मग सगळा वर्ग नकाशावर तुटून पडायचा. आग्नेय म्हणजे भूमध्य समुद्र असेल का? वायव्य म्हणजे श्रीलंकेच्या खाली? तास बाजूला राहायचा. त्या वर्गातल्या पोरांना जगातले सगळे समुद्र पाठ होते, आणि तो न पाहिलेला दादा त्यांना घरातल्यासारखा झाला होता.

एके दिवशी फळ्यावर "ईशान्य" लिहिलं गेलं. पोरांनी बरोबर ओळखलं. आफ्रिकेला खालून वळसा घालून जहाज अटलांटिकमध्ये शिरलं होतं. त्यानंतर निरोप आला नाही. नेटवर्क नसेल, असं आम्ही सगळेच म्हणालो. मग कंपनीचा फोन आला. खवळलेल्या समुद्रात डेकवर काम करताना मुलगा पाण्यात गेला होता. बरोबरच्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. जहाज माघारी फिरवून शोधलं, आणखी जहाजांनी शोधलं. शेवटी शोध थांबवल्याचं कळवलं.

मी घरी भेटायला गेले. भाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून झालेलं होतं. माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, तुम्हाला सांगते. पोर जन्मलं ना कॅम्प चारच्या दवाखान्यात, तेव्हा यांनी त्याच्या कानात अजान दिली. आमच्यात मेल्यावर जी जनाज्याची नमाज असते, तिला अजान नसते. ती जन्मतानाच दिलेली असते म्हणतात. आता अजान देऊन ठेवली आणि नमाजच नाही, असं कसं ठेवू मी पोराला?"

मला आधी समजलंच नाही. नमाज नाही म्हणजे काय? मग हळूहळू कळलं. शाफईंमध्ये माणूस दूर कुठं गेला, देह समोर नसला, तरी त्याच्या नावानं जनाज्याची नमाज करता येते. हनफींमध्ये देह समोर लागतो. सर मशिदीत गेले होते, मौलानांना विचारलं होतं. मौलानांनी सरांचे दोन्ही हात धरून, रडत, नाही म्हणून सांगितलं होतं. चिंबोरीच्या ताटावर जो फरक इतकी वर्षं हसण्यावारी गेला, तो असा दारात येऊन उभा राहिला होता.

मला संताप आला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी बोलले. "सर, तुमच्याकडे जेवून गेलेला माणूस. त्याला तुमच्यासाठी एवढं करता येत नाही?"

सर बराच वेळ नकाशाच्या गुंडाळीची दोरी सोडवत राहिले. मग म्हणाले, "बाई, त्याचं गाव सांगा."

"सर, आता तरी ते गाव राहू दे."

"आताच तर विचारायचं. तो जिथं शिकला तिथं त्याला असं शिकवलंय. माझं पोर गेलं म्हणून त्यानं आपलं शिकलेलं सोडायचं? मग उद्या त्याच्या मागं कशाच्या भरवशावर उभं राहायचं?" त्यांचा आवाज एवढं बोलून थकला. "मी विचारलं. त्यानं खरं सांगितलं. त्याचा काही दोष नाही."

"मग नमाज?"

त्यांनी नकाशा काखेत मारला आणि तासाला निघाले.

मार्ग नव्हता असं नाही. कोकणातल्या त्यांच्या गावची मंडळी तयार होती; या म्हणाली, आपल्या मशिदीत करू. सर त्यांना थांबा म्हणाले. पुतण्या तावातावानं आला. बदलापुरातली सगळी कोकणी घरं गोळा करतो, मैदानावर नमाज करू, नाहीतरी आता आपली वेगळी मशीद हवीच आहे. सरांनी त्याला पाणी दिलं आणि घालवून दिलं. त्यांचं एकच चाललं होतं. पोर बदलापूरचं. इथल्या मशिदीत अलिफ-बे शिकलं. त्याची नमाज इथंच, आणि कुणाशी भांडून नाही.

मला विचाराल तर हा हट्ट होता. भाभी रोज विचारायच्या, "केव्हा?" आणि सर रोज म्हणायचे, "होईल." ही नमाज गावातल्या थोड्यांनी केली तरी सगळ्यांच्या वतीनं होते, आणि कुणीच केली नाही तर सगळं गाव देणं लागतं, हे त्यांनीच मला कधीतरी रिक्षात सांगितलेलं. ते आठवून मला बदलापूर स्टेशनबाहेरची माणसंसुद्धा दोषी वाटायला लागली होती. सर वर्गावर जायचे, शिकवायचे, यायचे. फळ्याच्या कोपऱ्यातलं "ईशान्य" कुणी पुसलं नव्हतं. मीही माझ्या तासाला बाकीचा फळा पुसायचे आणि तेवढा कोपरा सोडायचे.

मग एका मधल्या सुट्टीत मौलाना शाळेत आले. शाळेच्या पायरीवर चपला काढून स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. सर उठून दाराशी गेले. आम्ही सगळे डबे उघडून तसेच बसलो.

"मास्टरसाब," मौलाना म्हणाले, "हम नहीं पढ़ा सकते. किताबें फिर से देखीं, अपने उस्ताद को फोन किया. हमारे यहाँ नहीं है."

"मालूम है, बेटा."

"मगर आपके यहाँ है. और आप बाप हैं, पहला हक आपका. जुमे के बाद मशिदीचा आंगन..." इथं ते मराठीत अडखळले, पण नेटानं बोलले, "आंगन तुमचा आहे. आप पढ़ाइए. जिनको खड़ा होना है, खड़े होंगे. हम किसी को नहीं रोकेंगे."

मौलानांनी मान खाली घातली. "आप ही तो कहते हैं, पहले गाँव बताओ. लड़के का गाँव तो यही है ना."

सरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना पाहिलं ते तेव्हाच.

शुक्रवारी शाळा सकाळची होती. आम्ही चार-पाच शिक्षक मशिदीच्या फाटकाशी, समोरच्या दुकानाच्या सावलीत उभे राहिलो. जुम्याची नमाज झाली, माणसं बाहेर यायला लागली. काही निघून गेली. काही अंगणात थांबली. कुणीतरी सवयीनं सरांची खुर्ची आणून ठेवली. सरांनी ती हातानं बाजूला केली. या नमाजेत वाकायचं नसतं, जमिनीला कपाळ लावायचं नसतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त उभं राहायचं.

सर पुढे उभे राहिले. समोर काहीच नव्हतं. ना तिरडी, ना चादर, फरशी नुसती. मागे पुतण्या आणि कोकणी घरातले पुरुष रांगेत. मग मी पाहिलं, आणखीही माणसं येऊन उभी राहत होती. त्यांच्यात उत्तरेकडचे होते, ज्यांच्याकडे ही नमाज नाही. ती माणसं रांगेत कशी आली, कुठल्या आधारानं, मला माहीत नाही, आणि त्या दिवशी मी कुणाचं गाव विचारलं नाही. मौलाना रांगेत नव्हते. ते दाराशी, सगळ्यांच्या चपलांजवळ उभे होते, हात खाली सोडून, मान वाकवून. नमाज संपल्यावर सगळ्यांनी दुआसाठी हात वर केले, तेव्हा त्यांनीही केले.

सर पायऱ्या उतरले तेव्हा मौलानांनी त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या होत्या. सर त्या घालून आमच्याकडे न बघता घराच्या दिशेनं चालायला लागले, भाभींना सांगायला.

सोमवारी पहिला तास भूगोलाचा. माझा तास शेजारच्या वर्गावर होता आणि मधलं दार उघडं होतं. सर आत गेले. त्या कोपऱ्याकडे कुणी बघत नव्हतं. सरांनी डस्टर घेतलं आणि "ईशान्य" पुसलं. खडू उचलला, सावकाश लिहिलं आणि वर्गाकडे वळले.

"आज आपला खलाशी असा उभा आहे," ते म्हणाले. "पश्चिम, जराशी उत्तरेकडे. शोधा, कुठं आहे."

नकाशाकडे कुणी गेलं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "घरी, सर."